तीस दिवसांचे वचन

टँकरच्या खेपांची माहिती माणसाला मे महिन्यातच हवी असते. पाऊस पडून विहिरींना पाणी आले की तिची निकड सरते. काही वर्षांपूर्वी माझ्या आजोळच्या गावाला दिवसाला दोन खेपा मंजूर होत्या आणि बायका सांगत होत्या की टँकर दिवसाआड येतो, तोही एकदाच. मी जोडपत्र ‘अ’ भरले, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला, तालुक्याच्या एका कार्यालयात नेऊन दिले आणि पोच घेतली. मागितले होते एवढेच, की एप्रिल आणि मे महिन्यांतल्या खेपांच्या नोंदवहीची प्रत द्यावी. कायद्याने उत्तराला तीस दिवस दिले आहेत. ते कागद माझ्या हातात पडले तेव्हा मध्ये दोन पावसाळे होऊन गेले होते.

त्या कागदांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी हे तीस दिवस आले कुठून, ते सांगायला हवे. 12 ऑक्टोबर 2025 रोजी माहितीच्या अधिकाराच्या कायद्याला वीस वर्षे पूर्ण झाली. या वीस वर्षांत सरकारवरचा, न्यायालयांवरचा, निवडणुकीवरचा लोकांचा विश्वास ओसरत चालल्याची चर्चा आपण रोज ऐकतो. ती चर्चा करताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी माहिती आयोग येतो, कारण विश्वास ठेवण्याआधी तपासून पाहण्याची सोय म्हणून उभी राहिलेली ही संस्था आहे.

या तीस दिवसांची गोष्ट मस्टरपासून, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटापासून, सुरू होते. महाराष्ट्राला मस्टर हा शब्द नवा नाही. 1972च्या दुष्काळात इथे खडी फोडणाऱ्या हातांनी दुष्काळी कामांची मस्टरे पाहिली आहेत. कामावर न आलेल्यांची हजेरी, मेलेल्या माणसाचा अंगठा, हे सगळे आपल्याकडे कुजबुजत बोलले जात होते. राजस्थानात ते मोठ्याने बोलले गेले. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडूंगरी या छोट्या वस्तीत अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह यांनी मुक्काम ठोकला आणि 1990 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. मागणी साधी होती: किमान मजुरी द्या. अधिकारी म्हणत, तुम्ही तेवढे काम केलेच नाही, मोजमाप वहीत तसेच लिहिले आहे. मग वही दाखवा, असे मजूर म्हणाले. वही सरकारी गुपित निघाली. 1923चा गोपनीयतेचा कायदा इंग्रजांनी हेरांना रोखण्यासाठी केला होता, स्वतंत्र भारतात तो खेड्यातल्या हजेरीपटाला लागू झाला.

डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनावणी झाली. मिळवलेली कागदपत्रे गावासमोर मोठ्याने वाचायची आणि नाव आले की त्या माणसाने उठून सांगायचे, मी कामावर होतो की नव्हतो. कागदाला साक्षीदार मिळाला की त्याचे काय होते, हे त्या दिवशी दिसले. कागद लिहिणाऱ्याला ठाऊक असते की तो कुणी वाचणार नाही, आणि त्या खात्रीवरच सगळी खोटी मस्टरे उभी असतात. 1996 मध्ये राजस्थानातल्याच ब्यावरच्या चांग गेटपाशी चाळीस दिवस धरणे झाले, भाजीवाल्यांनी भाजी दिली, आणि ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा देशभर गेली. त्याच सुमारास प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष असलेल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पुढाकाराने कायद्याचा एक मसुदा तयार झाला. मजुरांच्या मागणीला कायद्याची भाषा देण्याच्या कामात एका मराठी न्यायमूर्तींचा वाटा होता, याची मला मनापासून धन्यता वाटते.

राज्ये पुढे निघाली. तामिळनाडू आणि गोव्याने 1997 मध्ये कायदे केले. महाराष्ट्राने 2000 मध्ये केलेला कायदा इतका लुळा होता की त्यात माहिती देण्यापेक्षा न देण्याच्या वाटा जास्त होत्या. अण्णा हजारे यांनी तो बदलण्यासाठी आंदोलन धरले. 2002 मध्ये नवा, धारदार कायदा आला, पण राष्ट्रपतींची मोहोर लागेना. ऑगस्ट 2003 मध्ये अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि त्याच महिन्यात मंजुरी आली. उशिराच्या प्रत्येक दिवसाला 250 रुपये शास्ती ही तरतूद त्या कायद्यात होती, पुढे देशाच्या कायद्यानेही ती घेतली. दुसरे अपील तेव्हा लोकायुक्तांकडे जात असे. मुंबईचे कार्यकर्ते शैलेश गांधी यांनी याच राज्य कायद्याखाली पोलिसांच्या बदल्यांसाठी राजकारण्यांनी केलेल्या शिफारशींची माहिती मागितली आणि मंत्रालयातल्या अनेकांना पहिल्यांदा कळले की हा कायदा खरोखर वापरला जाणार आहे.

केंद्राने 2002 मध्ये संमत केलेला माहिती स्वातंत्र्याचा कायदा कधी अमलातच आला नाही. त्याच्या जागी आलेला 2005चा कायदा मे महिन्यात संसदेत संमत झाला, 15 जूनला राष्ट्रपतींची सही झाली आणि 12 ऑक्टोबरला तो पूर्णपणे लागू झाला. त्या दिवशीचा पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला, अशी त्याची नोंद आहे.

हा कायदा पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. कारण विचारायचे नाही, असे कलम 6 सांगते. अर्ज चुकीच्या कार्यालयात आला तर अर्जदाराला हाकलायचे नाही, पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत उत्तर. कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपली रचना, अधिकार, अंदाजपत्रक, लाभार्थी अशा सतरा बाबींची माहिती कुणी मागण्याआधीच स्वतःहून जाहीर करायची, आणि त्यासाठी 120 दिवसांची मुदत होती. कलम 8 मध्ये एक वाक्य होते की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीलाही नाकारता येणार नाही. आमदाराने सभागृहात विचारलेला प्रश्न आणि शेतमजूर बाईने दहा रुपयांच्या स्टॅम्पवर विचारलेला प्रश्न यांचे वजन एक केले गेले. स्वतंत्र भारतात इतक्या थोड्या शब्दांत नागरिकाला एवढा मान दिलेले दुसरे वाक्य मला माहीत नाही.

या सगळ्याचा राखणदार म्हणून माहिती आयोग आला. जन माहिती अधिकाऱ्याने दिले नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, तिथेही न्याय मिळाला नाही तर दुसरे अपील आयोगाकडे. महाराष्ट्राचे पहिले राज्य मुख्य माहिती आयुक्त डॉ. सुरेश जोशी होते. मुख्यालय मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात आले आणि पुढे बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, नागपूर, अमरावती अशी खंडपीठे झाली. पुण्याला विजय कुवळेकरांसारखा संपादक आयुक्त म्हणून आला. कायद्याला तेच अपेक्षित होते: कायदा, विज्ञान, समाजसेवा, पत्रकारिता, प्रशासन अशा वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसे तिथे बसावीत. पुण्याच्या ‘यशदा’ या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत अधिकाऱ्यांची प्रशिक्षणे सुरू झाली. कित्येक कार्यालयांच्या भिंतीवर तेव्हा प्रथमच जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाची पाटी लागली. सरकारी माणसाला नाव असते आणि ते भिंतीवर लिहिलेले असते, ही गोष्ट आज किरकोळ वाटेल. तेव्हा ती मोठी होती.

पहिले वर्षही धड सरले नव्हते तेव्हा केंद्र सरकारने फाईलवरच्या टिपण्या कायद्यातून वगळण्याचा घाट घातला. टिपणी म्हणजे निर्णयाचा जन्म. कुणी काय सुचवले, कुणी खोडले, कुणाच्या सहीनंतर फाईल वळली, ते तिथेच दिसते. अण्णा आळंदीला उपोषणाला बसले, देशभर विरोध झाला आणि 2006 मधली ती दुरुस्ती बारगळली. ती झाली असती तर कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीची कागदपत्रे आपल्याला दिसली नसती. माहिती अधिकारातून एकेक कागद बाहेर काढत कार्यकर्त्यांनी 31 मजल्यांच्या त्या इमारतीतल्या घोटाळ्याची कहाणी जुळवली आणि नोव्हेंबर 2010 मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला, 13 जानेवारीला, तळेगाव दाभाडे इथे सकाळी फिरायला निघालेल्या सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनीच्या व्यवहारांचे कागद ते माहिती अधिकारातून काढत होते. त्यांच्या मारेकऱ्यांना शिक्षा झालेली महाराष्ट्राने पाहिलेली नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2014 मध्ये केला, त्याची अंमलबजावणी आजवर सुरू झालेली नाही. कायद्याचा गौरव करणाऱ्या प्रत्येक सभेत हे दोन्ही उल्लेख व्हायला हवेत असे मला वाटते, कारण दहा रुपयांच्या स्टॅम्पची खरी किंमत काही जणांनी जिवाने चुकवली आहे.

शैलेश गांधी स्वतः 2008 ते 2012 केंद्रीय माहिती आयुक्त होते. त्या काळात त्यांनी वीस हजारांहून अधिक प्रकरणे निकाली काढली. म्हणजे एका आयुक्ताला काय करता येते याचे माप आपल्यासमोर आहे. आता हे दुसरे माप पाहा. सतर्क नागरिक संघटन ही दिल्लीची संस्था दरवर्षी सगळ्या आयोगांचा लेखाजोखा मांडते. 2024च्या जूनअखेर देशभरच्या आयोगांकडे चार लाखांहून अधिक अपिले आणि तक्रारी पडून होत्या, आणि त्यांतली सर्वाधिक, एक लाखाच्या वर, एकट्या महाराष्ट्रात. ज्या राज्याने आधी कायदा करून देशाला वाट दाखवली, त्याच राज्यात ही सर्वांत मोठी थप्पी आहे.

ती कशी वाढली, हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. कायद्याने जन माहिती अधिकाऱ्याला तीस दिवस दिले, पहिल्या अपिलाला तीस आणि फार तर पंचेचाळीस दिवस दिले. दुसऱ्या अपिलाला मुदत दिलीच नाही. आयोग स्वतःहून तत्पर राहील, असा कायदा करणाऱ्यांचा विश्वास होता. त्या फटीतून सगळे पाणी गळाले. आयुक्ताची मुदत कधी संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते, तरी पद रिकामे झाल्यावरच जाहिरात निघते. एका खंडपीठाचा कार्यभार दुसऱ्याकडे ‘अतिरिक्त’ म्हणून जातो आणि नागपूरचा अर्जदार तारखेची वाट पाहत राहतो. झारखंडचा आयोग 2020 पासून वर्षानुवर्षे बंद राहिला. गोव्यात 2024 मध्ये काही महिने एकही आयुक्त नव्हता. रिक्त पदे वेळेत भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकार कार्यकर्त्या अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर फेब्रुवारी 2019 मध्ये स्पष्ट बजावले, तेच पुन्हा 2023 मध्ये सांगावे लागले.

आयुक्त नेमणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, त्यांनी नेमलेला एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता असतात. तिघांत दोघे सरकारचे, आणि निवड बहुतेक वेळा निवृत्त सनदी अधिकाऱ्याची होते. त्यांच्यात उत्तम आयुक्तही झाले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण तीस वर्षे ज्या फाईली आपण बंद केल्या त्या उघडायला लावणे मनाला जड जाते, आणि कालपर्यंत हाताखाली असलेल्या अधिकाऱ्याला 25 हजारांची शास्ती लावणे त्याहून जड जाते. शास्ती लावता येईल अशा प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत ती लावलीच गेली नाही, असे सतर्क नागरिक संघटनच्या लेखाजोख्यातून वर्षानुवर्षे दिसते. कार्यालयातल्या कारकुनाला हे आकडे ठाऊक नसतात, पण त्याला अनुभव असतो. उत्तर दिले नाही तर काय होते? पहिल्या अपिलात समज, दुसऱ्यात दोन वर्षांनी खुलासा, आणि तोवर बदली. मग ‘माहितीचा बोध होत नाही’, ‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही’ अशी उत्तरे टंकून ठेवलेली असतात, फक्त तारीख बदलायची.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एकाच माणसाचे शेकडो अर्ज, अर्ज करून तो मागे घेण्यासाठी पैसे मागणे, शेजाऱ्याशी भांडण म्हणून त्याच्या बांधकामाची नस्ती मागणे, हे घडते. आयोगापुढची थप्पी वाढण्यात अशांचाही हात आहे आणि प्रामाणिक ग्रामसेवकाचा जीव त्यांनी नकोसा केला आहे. यावर महाराष्ट्राने 2012 मध्ये एक अर्ज, एक विषय, 150 शब्द असा नियम आणला. मला तो उपाय चुकीचा वाटतो. खंडणीखोराची ताकद कागद लपलेला असण्यात आहे. बांधकाम परवाना, ठेकेदाराचे देयक, टँकरची नोंदवही हे सगळे आधीच उघड असेल तर तो कशाच्या जोरावर धमकावणार? कलम 4 पाळले असते तर निम्मे अर्ज लिहावेच लागले नसते. त्या कलमाची 120 दिवसांची मुदत 2005 मध्येच संपली आहे.

पुण्याने याचा एक नमुना घालून दिला. महापालिकेत आठवड्यातून एकदा, अर्ज-अपिलाशिवाय, नागरिकांनी यावे आणि फाईली पाहाव्यात अशी सोय विवेक वेलणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यातून रुजली. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला खुले ठेवायला सांगितले. इतका चांगला निर्णय फार कमी लोकांना ठाऊक आहे. सोमवारी तीन वाजता आपापल्या नगरपालिकेत जाऊन पाहावे, असे मी भेटेल त्याला सांगतो.

वरच्या पातळीवर मात्र उलटे चालले होते. केंद्रीय माहिती आयोगाने 3 जून 2013 रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना कायद्याच्या कक्षेत आणले. एकाही पक्षाने तो आदेश पाळला नाही, आणि आयोगाला तो पाळायला लावता आला नाही. एरवी कशातच एकमत नसलेले पक्ष इथे एका रांगेत उभे राहिले. माझ्या मते आयोगाची ताकद खऱ्या अर्थाने तिथे संपली. तलाठ्याने पाहिले की ज्यांच्या हाती कायदा करण्याचे काम आहे तेच आयोगाचा आदेश बाजूला ठेवतात, मग त्याने का घाबरावे? 2019च्या जुलैमध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आयुक्तांची पाच वर्षांची निश्चित मुदत आणि कायद्याने बांधलेले वेतन गेले, दोन्ही केंद्र सरकारने नियमांनी ठरवायचे झाले, आणि ऑक्टोबरच्या नियमांनी मुदत तीन वर्षांवर आणली. ज्याच्याकडून कागद मागायचे, त्याच्याच हाती आयुक्ताची मुदत गेली.

न्यायालयांचा हिशेब संमिश्र आहे. सरन्यायाधीशांचे कार्यालयही माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये स्वतःविरुद्ध मान्य केले. फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक रोखे रद्द करताना, पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क न्यायालयाने उचलून धरला. तो निकाल आला त्या दिवशी माझ्यासारख्या अनेकांना पुन्हा उभारी आली. पण त्याआधी 2012 मध्ये, गिरीश देशपांडे प्रकरणात, सरकारी नोकराची मालमत्ता आणि त्याच्यावरच्या कारवाईचे कागद ‘वैयक्तिक’ ठरवून याच न्यायालयाने एक दार बरेचसे लोटले होते.

उरलेले दार 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने लोटले. त्याच्या कलम 44 ने माहिती अधिकारातले कलम 8(1)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते, हे दाखवावे लागे. आता ती वैयक्तिक आहे एवढे पुरते. नोव्हेंबर 2025 मध्ये ही दुरुस्ती लागू झाली. लोकहित मोठे असेल तर कलम 8(2) खाली माहिती देता येते, असे सरकार सांगते आणि ते कलम आहेही. पण तो निर्णय घ्यायचा कुणी? त्याच कार्यालयाने. आणि नाकारले तर दाद मागायची त्याच थप्पीच्या तळाशी. संसदेला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे वाक्यही याच दुरुस्तीत गेले. मी वर ‘होते’ लिहिले ते म्हणून. मस्टरवर नावे असतात. रेशनच्या यादीत, घरकुलाच्या यादीत, पीक विम्याच्या यादीत नावेच असतात. नाव झाकलेले मस्टर गावासमोर वाचले तर उठून उभे कोण राहणार?

माझ्या टँकरच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर आले नाही. पहिले अपील केले. सुनावणी तीनदा पुढे गेली, मधल्या काळात अधिकारी बदलले आणि नव्या साहेबांनी सांगितले की तेव्हा मी या पदावर नव्हतो. अखेर त्यांनीच आदेश दिला आणि उशीर झाला म्हणून कायद्याप्रमाणे प्रती विनामूल्य मिळाल्या. आयोगापर्यंत जावे लागले नाही, म्हणजे माझे प्रकरण सोपे म्हणायचे.

त्या झेरॉक्स घेऊन मी गावी गेलो. मामींच्या ओसरीवर सात-आठ जणी जमल्या. मी तारखा वाचत गेलो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात टँकर कधी आला हे कुणाला आठवणार, अशी माझी समजूत होती. अक्षय तृतीयेची तारीख आली, दोन खेपा, चालकाची सही, वेळ सकाळी नऊ आणि दुपारी चार. एक आजी म्हणाल्या, थांब. त्या दिवशी त्यांच्या नातीचे लग्न होते, पंगतीला पाणी नव्हते म्हणून घरच्यांनी उसनवारी करून खासगी टँकर मागवला होता, आणि त्याची पावती अजून देवघरातल्या डब्यात होती. त्या आत जाऊन ती घेऊन आल्या. मग दुसरीला आपल्या गाईच्या विण्याचा दिवस आठवला, तिसरीला सासऱ्यांचा तेरावा. संध्याकाळपर्यंत नोंदवहीतल्या अकरा खेपांपुढे पेन्सिलीने फुल्या पडल्या होत्या.

आजींनी विचारले, या अकरा खेपांचे देयक निघाले का, ते कोण सांगेल? मी पिशवीतून दुसरे कोरे जोडपत्र ‘अ’ काढले. या वेळी अर्जदार म्हणून त्यांनी स्वतःचे नाव घालायला लावले आणि सही करायला चष्मा मागवला.